गोष्टीतल्या कोल्ह्याला लबाड राहू द्या

ससा सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो. माकड मगरीच्या पाठीवर बसून थाप मारतं आणि जीव वाचवतं. एवढासा उंदीर टोपीपायी राजाला जेरीस आणतो. मुलं या गोष्टी पुन्हा पुन्हा मागतात, आणि सांगणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र मनातून थोडं अवघडल्यासारखं होतं. ससा चक्क खोटं बोलतो, मग मुलाने यातून काय घ्यायचं? हे अवघडलेपण टाळायला कुणी शेवटी घाईघाईने तात्पर्य जोडतं, तर कुणी सिंहाला पश्चात्ताप करायला लावून त्याची सशाशी दोस्ती घडवून आणतं. दोन्ही प्रकारांत गोष्टीचा जीव जातो.

चार वर्षांच्या मुलाच्या आजूबाजूची जवळजवळ सगळी माणसं त्याच्यापेक्षा उंच, ताकदवान आणि मोठ्या आवाजाची असतात. अशा वेळी आपण काय करायचं, हा त्याचा रोजचा प्रश्न असतो. चतुर प्राण्याची गोष्ट त्याला सांगते, की समोरचा कितीही मोठा असला तरी डोकं शाबूत ठेवलं तर वाट निघते. एवढं काम ती चोख करते. तिच्याकडून प्रामाणिकपणाचा धडा मागू नये; त्यासाठी दुसऱ्या गोष्टी आहेत. पण हे काम तिने नीट करायचं असेल तर ती नीट सांगावी लागते, आणि त्यासाठी थोडी तयारी लागते.

आधी गोष्ट पारखून घ्या

कोण कुणाला फसवतं, हे पहिल्यांदा पाहा. चांगल्या गोष्टीत लहान मोठ्याला फसवतो. उलटं असेल, म्हणजे बगळा तळ्यातल्या माशांना 'दुसऱ्या तळ्यात सोडतो' म्हणून एकेक करून नेऊन खात असेल, तर त्या बगळ्याची मान पकडणारा खेकडा गोष्टीत हवाच. खेकड्याशिवाय ती गोष्ट सांगू नये.

दुसरं, फसणारा स्वतःच्याच खोडीमुळे फसतो का? पंचतंत्रातला भासुरक सिंह विहिरीत पडतो, कारण आपल्या रानात दुसरा राजा आहे हे त्याला सहन होत नाही. सशाने फक्त त्या अहंकाराला बोट दाखवलं. फसवणूक निव्वळ नशिबावर चालत असेल तर ऐकणाऱ्याला मजा येत नाही.

तिसरं, ती युक्ती तुम्हाला एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर मुलाला ती पेलणार नाही.

वयाचाही विचार हवा. तीन-चार वर्षांच्या मुलाला उंदराची टोपी आणि भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी पुरेशी आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलाला माकड आणि मगर, बोलणारी गुहा. सशाने सिंहाला फसवल्याची गोष्ट कुठल्याही वयात चालते, फक्त सांगायची रीत बदलते. ते पुढे येईलच. पंचतंत्रातल्या सगळ्या गोष्टी बाळगोपाळांसाठी आहेत असं मात्र समजू नका. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत शहाणं करायचं वचन दिलं ते तीन राजपुत्रांना, म्हणजे उद्या राज्य चालवणाऱ्या तरुणांना. पहिल्याच तंत्रात दमनक कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो, बैलाचा जीव जातो आणि दमनकाचं काहीच बिघडत नाही. ही कथा सहा वर्षांच्या मुलाला सांगू नका. आठवी-नववीतल्या मुलाला जरूर सांगा. वर्गातलं, मित्रांच्या टोळीतलं राजकारण त्याला तोवर कळायला लागलेलं असतं.

गोष्ट पाठ करू नका, तिचा सांगाडा ठेवा

माकड आणि मगर हीच गोष्ट घेऊ. कागदावर फार तर पाच ओळी लिहा: जांभळीवर माकड, नदीत मगर. मगरीच्या घरी माकडाच्या काळजाची मागणी. पाठीवर बसवून नदीच्या मध्यावर. 'काळीज झाडावर राहिलं.' परत काठ, माकड झाडावर. एवढं डोक्यात पक्कं झालं की पुस्तक मिटा. वाचून दाखवणं चांगलंच आहे, पण या गोष्टींना सांगणाऱ्याची नजर मोकळी लागते, कारण पुढची वाट मुलाच्या चेहऱ्यावर दिसते.

सांगाडा तयार झाला की एक निर्णय घ्यावा लागतो. ही कथा आपल्याकडे किमान दोन वाटांनी आली आहे. पंचतंत्रात माकड आणि मगर आधी मित्र असतात. माकड रोज जांभळं देतं, आणि तोच मित्र त्याचा घात करायला निघतो. पाली जातकातल्या सुंसुमार जातकात अशी दोस्ती नाही. तिथे मगर गंगेपलीकडच्या गोड फळांची लालूच दाखवून माकडाला पाठीवर घेते, आणि माकड काळीज उंबरावर लटकलेलं दाखवतं. लहान मुलासाठी मी जातकाची वाट घेते. मित्राने घात करणं हे पाच वर्षांच्या मुलाला रात्रभर पुरतं. लालूच दाखवणारा अनोळखी प्राणी त्याला लगेच कळतो, आणि सावधही करतो. आठ वर्षांपुढे पंचतंत्राची वाट धरावी, कारण त्या वयात मैत्री तुटणं काय असतं हे मुलाला स्वतःला माहीत झालेलं असतं.

काळजाची मागणी दोन्हीकडे बायकोच करते. जातकात तर तिला तसे डोहाळे लागलेले असतात. प्रत्येक वेळी बायकोच खलनायिका का, असा प्रश्न मुली विचारतात आणि तो रास्त आहे. भूक मगरीची स्वतःचीच आहे असं सांगितलं तर सांगाड्याला काहीही धक्का लागत नाही. तसं खुशाल सांगा.

गुपित कुणाला, कधी कळतं

या गोष्टी रंगवण्याची खरी किल्ली इथे आहे. म्हणून इथे जास्त वेळ घालवा.

माकडाच्या गोष्टीत गुपित दोनदा हात बदलतं. नदीत शिरताना मुलाला माहीत असतं की मगरीला काळीज हवंय, माकडाला माहीत नसतं. इथे मूल घाबरतं, 'जाऊ नको, जाऊ नको' म्हणतं. मध्यावर माकडाला कळतं. मग माकड थाप मारतं, आणि आता काळीज झाडावर नसतं हे मुलाला आणि माकडाला माहीत असतं, पण मगरीला नाही. इथे मूल हसतं. भीती आणि हसू या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने येतात: कुणाला काय माहीत आहे, यामुळे. सांगताना आवाज चढवून, हातवारे करून भीती आणण्याची गरज नसते. गुपित योग्य वेळी उघडलं की ती आपोआप येते.

सशाच्या गोष्टीत हाच हिशेब वयाप्रमाणे बदलतो. पंचतंत्रात ससा रमतगमत सिंहाकडे जात असताना त्याला वाटेत विहीर लागते, आत आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि तिथेच त्याला युक्ती सुचते. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं दाखवा. सशाला विहिरीत डोकावू द्या. 'आत कोण दिसलं?' 'ससा!' मग सिंह विहिरीकडे निघाला की मूल आधीच खुदखुदायला लागतं, कारण सिंहाला काय दिसणार हे त्याला ठाऊक असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विहीर आधी दाखवू नका. ससा फक्त उशिरा पोहोचतो, सिंह भुकेने खवळलेला, आणि ससा दुसऱ्या सिंहाची तक्रार घेऊन उभा. तो खोटं बोलतोय हे मुलाला कळतं, पण निभावणार कसं हे कळत नाही. विहीर शेवटी येते. गोष्ट तीच, पण मोठ्या मुलाला कोडं सोडवल्याचा आनंद मिळतो.

संवाद कसे म्हणायचे

फसवणारा प्राणी नेहमी अदबीने बोलतो, हे सूत्र लक्षात ठेवा. ससा सिंहाला 'महाराज' म्हणतो, माकड मगरीला 'दादा' म्हणतं. आपल्या आजीच्या गोष्टीत वाघोबा, कोल्होबा होते ते उगाच नव्हते. तो मान आणि त्यामागची भीती मुलाला बरोबर ऐकू येते.

मगरीचा आवाज राक्षसासारखा काढू नका. नदीच्या मध्यावर तिला खरं बोलायचं असतं, तेव्हा ती जरा अडखळते, आणि हे अडखळणंच अंगावर येतं.

"माकडभाऊ… एक सांगायचं राहिलं. फळंबिळं काही नाहीत पलीकडे. मला तुझं काळीज खायचंय."

इथे थांबा. मनात सावकाश पाच अंक मोजा. 'आता माकडाने काय केलं असेल बरं?' असं परीक्षेसारखं विचारू नका. नुसतं मुलाकडे पाहा. ते स्वतःहून बोलतं. कुणी म्हणतं, माकडाने पाण्यात उडी मारावी. कुणी म्हणतं, मगरीच्या नाकाला चावावं. कुठलंही उत्तर मोडीत काढू नका. 'हो, माकडाच्याही मनात तेच आलं, पण पाणी केवढं खोल होतं!' असं म्हणून ते उत्तर माकडालाच देऊन टाका. त्या क्षणापासून माकडाच्या जागी मूल असतं.

आणि मग माकडाची थाप. ती रडक्या किंवा लबाड आवाजात म्हटली तर फुकट गेली. ती घरातल्या रोजच्या बोलण्यातली, किंचित रागावलेली हवी.

"अहो मगरदादा, मग हे निघतानाच नाही का सांगायचं? काळीज काय कुणी बरोबर घेऊन हिंडतं? उड्या मारताना पडलं म्हणजे? ते तिकडे उंबरावर टांगून आलोय. चला मागे, वळवा लवकर!"

हा जो 'आधी नाही का सांगायचं' असा सूर आहे, त्यावर मगर फसते. चूक आपलीच झाली असं तिला वाटतं. थाप म्हणताना आवाज हळू करू नका, वेग वाढवा. विचार करायला वेळ मिळाला की मगरही शहाणी होईल.

भाषेबद्दल एक सांगते. गोष्ट पुस्तकी मराठीत सांगायचा अट्टहास धरू नका. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी, ज्या बोलीत तुम्ही घरी रागावता त्याच बोलीत माकडाला रागावू द्या. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना तर आजीची बोली कानावर पडायची ही मोठी संधी असते; तिथे शब्दार्थ सांगत बसू नका, प्रसंगातून त्यांना अर्थ लागतो.

लहानग्यांच्या गोष्टीला युक्तीपेक्षा ठेका जास्त महत्त्वाचा. उंदराला चिंधी सापडते, तो धमकावून ती धोब्याकडून धुवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, आणि ढोल वाजवत राजाच्या दारात जातो. राजाने टोपी काढून घेतली तर राजाला भिकारी ठरवतो, परत दिली तर राजा घाबरला म्हणून बोंब ठोकतो. राजाने काहीही केलं तरी तोच हरतो! प्रत्येक दुकानात उंदराची धमकी शब्दशः तीच आली पाहिजे, म्हणजे तिसऱ्या वेळी मूल ती तुमच्या आधी म्हणतं. तुमच्या घरात जे शब्द चालत आले असतील तेच ठेवा. छापील पुस्तकातले 'बरोबर' आणि आजीचे 'चूक' असं इथे काही नसतं.

एकच युक्ती, तीन पोशाख

एखादी गोष्ट मुलाच्या अंगात भिनली की त्याच युक्तीची दुसरी गोष्ट सांगा. मूल ती ओळखतं, आणि ओळखल्याचा त्याला फार आनंद होतो.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात कोल्हा आपल्या गुहेकडे येतो तर आत जाणारे पंजांचे ठसे दिसतात, बाहेर येणारे दिसत नाहीत. तो बाहेरूनच हाक मारतो, 'गुहाबाई, अहो गुहाबाई!' उत्तर नाही. मग म्हणतो, 'रोज ओ देतेस, आज काय झालं?' आतल्या सिंहाला वाटतं, गुहा रोज ओ देत असावी, आपल्या भीतीने गप्प बसली असेल. म्हणून तोच गर्जना करून ओ देतो आणि कोल्हा पळ काढतो.

वानरिंद जातकात माकड नदीतल्या खडकावरून उडी मारून बेटावर ये-जा करतं. एका संध्याकाळी खडक जरा उंच दिसतो, कारण वर मगर पसरलेली असते. माकड खडकालाच हाक मारतं आणि 'आज बोलत का नाहीस' असं विचारतं. शेवटी मगर खडकाच्या वतीने बोलते.

तिसरी गोष्ट दख्खनची. 1868 साली मेरी फ्रेअर हिने 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. मेरी ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी, पण गोष्टी तिच्या नव्हत्या. त्या सांगितल्या ॲना लिबेराटा डिसूझा या आयाने, आणि तिने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यातला छोटा कोल्हा नदीवर खेकडे खायला जातो. पाण्यात मगर लपलेली असणार हा त्याला संशय. तो मोठ्याने म्हणतो, खेकडे दिसत नसले की पाण्यावर त्यांचे बुडबुडे तरी दिसतात. मगर लगेच बुडबुडे सोडायला लागते, आणि कोल्हा आभार मानून दुसरीकडे जेवायला जातो. याच संग्रहात सिंहाला विहिरीत पाडणारे ससे नाहीत, कोल्हा-कोल्हीण आहेत. मोठ्या मुलांना दोन्ही सांगा आणि कुणाची रीत जास्त पटली ते विचारा.

गुहा, खडक, बुडबुडे: लपलेल्या शत्रूला वेगळंच सोंग करायला लावून बोलतं करायचं, ही एकच युक्ती तिन्हीकडे आहे. आता ती मुलाच्या हाती द्या. 'तू उंदीर. कपाटामागे मांजर लपलंय असा तुला संशय आहे. कुणाला हाक मारशील?' कुणी कपाटाला हाक मारेल, कुणी झाडूला. मूल दोन-तीन वेळा अडखळेल, पण दहा मिनिटांत त्याची स्वतःची गोष्ट तयार होते. ती तशीच, त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. व्याकरण सुधारू नका.

देशाबाहेरच्या गोष्टीही याच वळणाने द्याव्यात. मलेशिया आणि इंडोनेशियात सांग कांचिल नावाचं इवलंसं पिसोरी हरीण नदीपार जायला मगरींना राजाच्या मेजवानीसाठी रांगेत उभं करतं आणि मोजत मोजत त्यांच्या पाठीवरून पलीकडे जातं. नुकतंच मोजायला शिकलेल्या मुलासाठी याहून चांगली गोष्ट नाही. पिसोरी आपल्या सह्याद्रीतही आहे, आणि मगरी सांगलीकडे कृष्णेत आजही दिसतात. मुलाला हे अवश्य सांगा.

गोष्ट संपल्यावर

सिंह विहिरीत पडतो आणि मरतो. असंच सांगा. मुलं या मरणाने घाबरत नाहीत. रोज एक प्राणी खाणारा संपला याने त्यांना हायसं वाटतं. सिंह शहाणा होऊन गवत खाऊ लागला असं सांगितलं, तर सशाच्या अकलेची गरज काय उरली? मूल फारच हळवं असेल तर बगळ्याच्या गोष्टीत खेकड्याने त्याची मान धरली आणि बगळा पडला, एवढ्यावर थांबावं, तपशील नको.

मात्र लबाडी फसते अशीही गोष्ट अधूनमधून हवी. निळीच्या कुंडीत पडून निळा झालेला कोल्हा रानाचा राजा होतो आणि इतर कोल्ह्यांची कुई ऐकून स्वतःही ओरडतो, म्हणून पकडला जातो. सांगताना एक गोष्ट बहुतेक जण गाळतात: राजा झाल्यावर तो आधी आपल्याच कोल्ह्यांना हाकलून देतो. हा भाग सावकाश सांगा. त्याच्या रंगापेक्षा ही गोष्ट त्याला जास्त भोवते, आणि मुलांना ते न सांगता कळतं.

'यातून काय शिकलास?' हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा, 'तू सिंह असतास तर कसा फसला नसतास?' मग मूल फसवणूक उलटी करून बघतं: 'मी आधी दुसऱ्या सिंहाला हाक मारली असती', 'मी आधी जेवलो असतो'. फसवणारा समोरच्याला राग, हाव, भीती किंवा घाई यांपैकी एकात अडकवतो, हे मोठ्या मुलांना इथे दाखवता येतं. फोनवर ओटीपी मागणारा माणूस नेमकं हेच करतो. त्याच्याबद्दल वेगळं व्याख्यान देण्यापेक्षा भासुरकाच्या शेजारी त्याला बसवलेला बरा.

आणि कधीतरी मूल सशाचा दाखला देऊन स्वतःचं खोटं झाकायला बघेलच. तेव्हा रागावू नका, शांतपणे एवढंच विचारा, 'तुला कुणी खायला निघालं होतं का?' मुलांना हा फरक लगेच समजतो.

गोष्टी कुठे शोधायच्या? पंचतंत्राची मराठी भाषांतरं सहज मिळतात. जातककथा दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने मराठीत आणल्या आहेत. पण त्याआधी घरात चौकशी करा. घरात किंवा गावाकडे सत्तरीपुढचं कुणी असेल तर त्यांच्याकडून उंदराची टोपी त्यांच्या पद्धतीने सांगवून घ्या आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव आणि ही गोष्ट कुणाकडून ऐकली ते त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या. ॲना डिसूझाच्या गोष्टी उरल्या, कारण कुणीतरी बसून त्या टिपून घेतल्या. तुमच्या आजीच्या गोष्टी टिपायला तुम्हालाच बसावं लागेल, आणि ते येत्या सुट्टीतच करा.